परसातल्या खुराड्याचं छप्पर: उडणार नाही, गळणार नाही असं

खुराडेवाला (धागाकर्ता)

कोंबड्यांच्या धाग्यांवर जात, खाद्य, लसी यांवर पानंच्या पानं भरतात आणि छपराचं काम "वर दोन पत्रे टाकून द्या" एवढ्यात उरकतं. मग आषाढात तेच लोक परत येतात: लिटर (खाली पसरलेला भुसा) ओलं, डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास, तलंगांना रक्ती हगवण. ओल्या उबदार लिटरमध्ये कॉक्सिडिया, म्हणजे रक्ती हगवणीचा सूक्ष्म परजीवी, फोफावतो. वरून पाणी ठिबकतंय तोवर औषधाचा डोस वाढवून काही साधत नाही. म्हणून हा धागा फक्त छपराचा. जातींचे वाद दुसरीकडे घाला, कृपा होईल.

हिशोबासाठी ६ बाय ८ फुटांचं खुराडं धरलंय, आठ-दहा गावठी कोंबड्यांचं. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ८ फुटी बाजू उत्तर आणि दक्षिणेला येतात. पश्चिमेची ६ फुटी भिंत पूर्ण बंद. उत्तर-दक्षिणेला खाली दीड फूट भिंत, वर सगळी जाळी. छप्पर एकपाखी. उत्तरेला ७ फूट उंच, दक्षिणेला ६, म्हणजे सहा फुटांत एक फूट ढाळ. दोन पाख्यांचं छप्पर दिसायला छान, पण आढ्यावरची टोपी हीच गळतीची पहिली जागा. एवढ्याशा खुराड्याला ती भानगड कशाला?

छप्पर भिंतीच्या बाहेर किती काढायचं यात बहुतेक जण कंजुषी करतात. उत्तर-दक्षिणेला दीड फूट, पूर्व-पश्चिमेला एक फूट, याहून कमी नको. पुण्याचा पाऊस सरळ पडत नाही, नैऋत्येकडून तिरपा येतो. वळचण सहा इंचांची असेल तर जाळीतून थेट कोंबड्या बसतात त्या दांडीवर झोडपा बसतो.

आता मुख्य मुद्दा. लोक छपराचं वजन पेलायची तयारी करतात आणि ते धरून ठेवायचं विसरतात. ०.४५ मिमीचे तीन पत्रे मिळून ३६ किलोच्या आसपास भरतात, म्हणजे एका माणसाला उचलता येतील एवढेच. उलट भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, तासाला १४० किलोमीटर. त्या झोताचा दाब चौरस मीटरला साधारण ९० किलो होतो. आपलं छप्पर साडेआठ चौरस मीटरचं. म्हणजे वर उचलणारं बळ पावणेआठशे-आठशे किलो! जमिनीलगत आणि बंगल्यांच्या आडोशाला वारा बराच कमी असतो, हे मान्य. पण ३६ किलो आणि ८०० किलो यांतली दरी आडोशानं भरून निघत नाही.

म्हणून सहा खांब, प्रत्येकाला १ बाय १ फूट आणि २ फूट खोल खड्डा, १:२:४ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट. एका खड्ड्यातलं काँक्रीट १३५ किलोच्या आसपास, सहांचं मिळून ८०० च्या वर. छप्पर जमिनीला बांधलं जातं ते असं.

सामान:
४० बाय ४० मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप, २० फुटी ६ नग (खांबांना ३, वाशांना २, जाळीच्या वरच्या आडव्या पट्टीला १)
२५ बाय ५० चा २ मिमी पाइप, २ नग. मधोमध कापून चार पर्लिन (वाशांवरचे आडवे पाइप, पत्रा यांवर बसतो)
कलर कोटेड पत्रा ०.४५ मिमी, सव्वानऊ फूट लांब, ३ नग
सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, रबरी वॉशरसकट, ७५ (लागतात ६० च्या आसपास)
सिमेंट सव्वादोन पोती, वाळू साडेपाच घनफूट, खडी अकरा घनफूट
अर्धा इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी जाळी), रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तर), ऑइलपेंट

लोखंड वजनावर मिळतं, सगळं मिळून ११० ते ११५ किलो. दुकानदार १.२ मिमीचा पाइप २ चा म्हणून देतो. कापलेल्या तोंडाशी कॅलिपर लावा, नाहीतर वजन करा. ४० बाय ४० चा २ मिमीचा अख्खा नग १४ किलोच्या वर भरला पाहिजे.

---

रिवेट

सामान ठीक आहे, आता पत्रा बसवायचं बघू, कारण चांगला पत्रा वाईट बसवून फुकट घालवलेले जास्त दिसतात.

१) पर्लिन चार. दोन्ही टोकांपासून सहा इंच आत पहिली आणि शेवटची, मधल्या दोन समान अंतरावर, म्हणजे पावणेतीन फुटांच्या जरा आत. ५० ची बाजू उभी ठेवा, आडवी ठेवली की पाइप लवतो.

२) पत्रे पूर्वेकडून लावायला घ्या, पश्चिमेकडे सरका. प्रत्येक पुढचा पत्रा आधीच्याच्या कडेवर चढतो, म्हणजे जोडाचं उघडं तोंड पूर्वेला राहतं. पावसाळी वारा पश्चिमेचा, तो जोडावरून सरकून जातो. उलट लावलंत तर वारा जोडात शिरतो आणि पाणी सोबत नेतो.

३) स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर. नालीत नाही. लांबी ५५ किंवा ६५ मिमी, कारण उंचवटाच २८-३० मिमीचा आहे. पहिल्या आणि शेवटच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्याला एक, मधल्या दोघींवर एकाआड एक. कडेचे पत्रे आधी फाटतात, म्हणून कडेला दाट.

४) दोन पत्र्यांच्या जोडावर दर दीड फुटाला छोटा स्टिच स्क्रू. हा मिस्त्री हमखास गाळतो.

५) स्क्रू किती आवळायचा? रबरी वॉशर लोखंडी टोपीच्या कडेबाहेर जेमतेम डोकावला की थांबा. फुगून बाहेर आला म्हणजे जास्त झालं, दोन उन्हाळ्यांत त्याला चिरा जातात. वॉशर बोटानं फिरतोय म्हणजे कमी. ड्रिलचा क्लच कमी आकड्यावर ठेवा, इम्पॅक्ट ड्रिल तर अजिबात नको.

६) पत्रा ग्राइंडरनं कापायचा नाही. ठिणग्या रंगावर चिकटतात आणि आठ-पंधरा दिवसांत तिथं तांबडे ठिपके उठतात. दुकानातून मापात कापून आणा, उरलंसुरलं पत्र्याच्या कातरीनं. भोकं पाडून पडलेला लोखंडी चुरा त्याच दिवशी मऊ ब्रशनं झाडून काढा.

---

अंडाकरी

रिवेट, उंचवट्यावर का? माझ्याकडे आलेला फॅब्रिकेटर नालीतच मारायचं म्हणतो. त्याचं म्हणणं, तिथं पत्रा पर्लिनला टेकलेला असतो, पकड घट्ट बसते.

---

रिवेट

त्याचं अर्धं बरोबर आहे. नालीत पकड घट्टच असते, स्क्रू डुगडुगत नाही, लांबीही कमी लागते. भिंतीला पत्रा ठोकताना नालीतच मारतात. पण छपराचं सगळं पाणी नालीतून वाहतं. वॉशरला एक चीर गेली की प्रत्येक सरीला थेंब आत. उंचवट्यावर चीर गेली तरी पाणी तिथं उभं राहत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात वॉशर भाजून निघतो, त्यामुळे चीर कधी ना कधी जाणारच, हे धरून चाला.

उंचवट्याचा तोटा एकच: जास्त आवळलं की उंचवटा चेपतो. हात सैल ठेवा.

आणि लाकडी वाशांवर लावणार असाल तर ड्रिलच्या टोकाचा स्क्रू चालत नाही. तो लाकूड पोखरतो आणि पकड ढिली बसते. लाकडासाठी अणकुचीदार टोकाचा, मोठ्या आट्यांचा स्क्रू वेगळा मागा. जुन्या नालीदार पत्र्याला J आकाराचा हुक आणि बिटुमेनचा वॉशर.

---

मुळशीकर

एक दुरुस्ती. सहाला एक ढाळ हडपसर, कोथरूड, वाघोलीला पुरेल. पौड ओलांडून ताम्हिणीच्या दिशेनं गेलात की तो पुरत नाही. शहरात वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पडतो, इकडं त्याच्या कितीतरी पट. शिवाय दिवसदिवस थांबत नाही, आणि वाऱ्यानं पाणी पत्र्यावरून उलटं वर ढकललं जातं. इकडं तीनला एक ढाळ ठेवा, वळचण अडीच फूट, आणि वरच्या टोकाला नालीचं तोंड पक्कडीनं वर दुमडून घ्या. खालच्या टोकाला तेच खाली दुमडा, नाहीतर पाणी पत्र्याच्या पोटाशी चिकटून मागं येतं आणि पर्लिनवर ठिबकतं. लोक याला गळती समजून वरून डांबर फासत बसतात.

पत्र्यांच्या जोडात ब्युटाइल टेपची (चिकट रबरी टेप) एक पट्टी चालवली तर ढाळ कमी असतानाही पाणी ओढलं जात नाही. टेप जोडाच्या आत, वरून चिकटवायची नाही.

---

पागोळी

खड्ड्यांबद्दल थोडं. मुरूम असेल तर २ फूट ठीक. काळी माती असेल (वाघोली, लोणी, मांजरीकडे सर्रास) तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हळूहळू वर ढकलते. अशा ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खणा, किंवा खड्डा तळाशी १५ इंच रुंद करा म्हणजे काँक्रीट मातीत अडकतं.

काँक्रीट जमिनीच्या वर चार इंच काढा आणि खांबाभोवती चारी बाजूंनी उतार द्या. लोखंडी खांब कुजतो तो जमिनीत नव्हे, जमिनीच्या रेषेवर, जिथं पाणी आणि हवा दोन्ही मिळतात. खांबाच्या वरच्या तोंडावर चकती वेल्ड करा, नाहीतर पाइप आतून पाण्यानं भरतो आणि बाहेरून रंग ठणठणीत दिसत असताना आत पोकळ होतो.

वेल्डिंगची खपली चिपिंग हातोडीनं पूर्ण काढून, तारेच्या ब्रशनं घासून मगच रेड ऑक्साइड. खपलीवरच रंग फासून देणारे वेल्डर कमी नाहीत. समोर उभं राहून करून घ्या.

---

शेडनेट

गच्चीवर करायचं असेल तर? खड्डे घेता येत नाहीत आणि स्लॅबला भोक पाडलं की वॉटरप्रूफिंग गेलं.

---

खुराडेवाला

भोक पाडूच नका. खुराड्याला खाली चौकट करा, खांब तिला वेल्ड, आणि चौकटीच्या आत फरशीसारखे ५० मिमीचे काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक भरा. चौरस मीटरला १२० किलो, आपल्या ६ बाय ८ च्या तळाला साडेपाचशेच्या आसपास. हेच तुमचं नांगराचं वजन, आणि कोंबड्यांना उकरून खाता न येणारी जमीनही झाली. ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला दीडशे किलो जादा भार धरून काढलेला असतो, म्हणजे ब्लॉकनंतर फारसं शिल्लक उरत नाही. वर पाण्याच्या टाकीची भर नको. इमारत जुनी असेल तर इंजिनियरला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

गच्चीवर वारा जास्त म्हणून वळचण नऊ इंचांवर आणा, तिरप्या पावसासाठी पडदे. चौकटीखाली रबरी तुकडे ठेवा म्हणजे पाणी अडून राहणार नाही. सोसायटी आणि महापालिकेचं काय ते आधी विचारून घ्या, उभं केल्यावर नाही.

---

शेडनेट

धन्यवाद. कठड्याला तारेनं बांधलं तर?

---

रिवेट

चार इंची विटांचा कठडा असेल तर वारा छप्पर आणि कठडा दोन्ही नेईल. आरसीसी कॉलम वर आलेला असेल तर त्याला क्लॅम्प लावा. कठड्याला नको.

---

गावठी_पाहुणा

पत्र्याला एवढं सामान? आमच्या भागात पत्र्यावर चार दगड नि दोन टायर ठेवले की झालं. वर्षानुवर्षं चालतंय.

---

पागोळी

चालतंय म्हणजे दर वळवाला पुन्हा ठेवतायत :) दगडाचं वजन वाऱ्याला पुरत नाही हे वरच्या हिशोबात आलंच. बाकीचं सांगते. दगडाखाली पाणी आणि माती अडकते, कोटिंग तिथूनच जातं. पत्रा उन्हानं लांबतो-आखडतो, दगड दरवेळी रेसभर खाली सरकतो आणि सरकताना रंग खरवडतो. टायरात पाणी साठून डास होतात. गुलमोहर किंवा रेन ट्रीखाली असाल तर त्यांची बारीक पानं दगडाच्या वरच्या बाजूला जमून बांध घालतात, पाणी तुंबतं आणि जोडातून आत येतं. एखादा दगड उठवून बघा, ओल्या पानांचा काळा लगदा आणि खाली चहाच्या बशीएवढा तांबडा डाग सापडेल.

---

अंडाकरी

कुठला पत्रा घ्यावा? साधा जीआय (जस्त चढवलेला), कलर कोटेड, सिमेंटचा, की ते डांबरी नालीदार? जुन्या बाजारात सिमेंटचे पत्रे स्वस्तात मिळतात.

---

खुराडेवाला

एकेक करून.

जुने सिमेंटचे पत्रे नकोत. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, आणि घरी कापताना, भोक पाडताना उडणारी धूळ फुफ्फुसात बसते. आधीच छपरावर असतील आणि धड असतील तर हलवू नका, कापू नका, आणि वर पाय तर मुळीच देऊ नका. जुना पत्रा मधोमध पाय पडला की खटकन तुटतो. सिमेंटचाच हवा असेल तर ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचा नवीन घ्या. तो कमी तापतो, अमोनियानं गंजत नाही, पण वजन बरंच जास्त.

डांबरी नालीदार पत्रा पुण्याच्या उन्हात मऊ पडतो. खाली दर दीड फुटाला आधार दिला तरच सरळ राहतो, नाहीतर दोन उन्हाळ्यांत पोटं पडतात.

पारदर्शक पत्रा पूर्ण छपराला घातलात तर खुराड्याचा तंदूर होईल.

साधा जीआय की कलर कोटेड? कलर कोटेड, पांढरा किंवा फिका. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या: पत्र्याचा शत्रू पाऊस जितका, तितकाच खालून येणारा अमोनिया. पत्रा पोटाकडून गंजतो. बऱ्याच कंपन्यांची हमी जनावरांच्या शेडला लागू नसते, हमीपत्र वाचून घ्या. उपाय हवा खेळती ठेवण्याचा. पश्चिमेची बंद भिंत सोडून बाकी बाजूंना छपराखाली किमान एक फूट पट्टा कायम उघडा, फक्त जाळी. तो हिवाळ्यातही बुजवायचा नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, कोंबड्यांच्या श्वासातली वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होते आणि पहाटे लिटरवर ठिबकते. छप्पर गळतंय म्हणून माणूस वर चढतो, आणि वर भोकच नसतं.

---

लिंबोणी

उन्हाचं कुणी बोललंच नाही. पुण्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावली दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. म्हणजे ऐन कडाक्यात वळचणीची सावली दुपारी कामाची नाही, सगळं ऊन पत्राच घेतो. उघडा पत्रा दुपारी हात टेकवेना इतका तापतो आणि खाली ती उष्णता फेकत राहतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती चोच उघडून धापा टाकते. पारा ४० च्या पुढे गेला आणि हवा बंद असली की संध्याकाळी मेलेल्या सापडतात, त्यातही जड अंगाच्या आधी.

तीन गोष्टी करता येतात.

पहिली, पांढरा रंग. पत्र्यावर ॲक्रिलिकचा कूल रूफ रंग, दोन हात. चुना मात्र कलर कोटेड पत्र्यावर लावू नका, ओला चुना जस्त आणि ॲल्युमिनियमला खातो. चुना सिमेंटच्या पत्र्याला: १० लिटर पाण्यात ५ किलो विरलेला चुना आणि वाटीभर फेविकॉल, गाळून, दोन हात. दर मार्चला परत.

दुसरी, वर उसाचं पाचट किंवा झावळ्या. चार इंच थर, वरून जाळी ताणून. स्वस्त आणि जालीम उपाय, पण रोहिणी नक्षत्र लागायच्या आत खाली काढा. पहिल्या पावसात भिजलेलं पाचट पत्र्यावर महिनाभर ओल धरतं. आणि हो, वळवाची वीज, फटाके, जवळची चूल हे बघूनच, वाळलेलं पाचट पेटायला वेळ लागत नाही.

तिसरी, खालून दुसरं छत. इथं चूक होते ती थर्माकोलची. कोंबड्या थर्माकोल चोचीनं टिपून खातात, आवडीनं. उंदीर आत घर करतात. बबल फॉइलचंही तेच. फायबर सिमेंटचा ६ मिमी बोर्ड किंवा बांबूची चटई लावा, आणि ती पर्लिनला नव्हे, वाशाच्या खालच्या बाजूला. पर्लिन ढाळाला आडवी असते. तिला छत चिकटवलंत तर आतली गरम हवा कप्प्यांत अडकते. वाशाखाली लावलं की पर्लिनखालून दीड इंचाची फट सलग राहते, गरम हवा ढाळानं वर चढून उत्तरेकडून निघून जाते. दोन्ही तोंडांना जाळी.

---

रिवेट

लिंबोणीताई, वाशाखालचा मुद्दा एकदम बरोबर. फक्त चटईचा धोका सांगून ठेवतो: बांबूच्या सांध्यात लाल माइट (गोचिडीसारखे बारीक किडे) बसतात, रात्री उतरून कोंबड्यांचं रक्त पितात. चटई खिळ्यांनी ठोकू नका, तारेनं बांधा म्हणजे दोन-तीन महिन्यांनी काढून उन्हात टाकता येईल. बोर्ड असेल तर स्क्रूवर, काढता येईल असा.

दांडीची उंची पण धरा. दांडीपासून छतापर्यंत दोन फूट तरी मोकळे पाहिजेत. सगळ्यात उंच दांडी पत्र्याला लागून असली तर सगळ्यात गरम जागा तीच.

---

मुळशीकर

जनावरांचं राहिलं. पत्रा पर्लिनवर बसल्यावर प्रत्येक उंचवट्याखाली सव्वा इंचाचं भोक राहतं, ३ मीटरच्या कडेला पंधराएक भोकं. त्यातून उंदीर, धामण, चिमण्या सगळे येतात. चिमण्या आल्या की माइट आणि रोग घेऊन येतात. पत्र्याच्याच आकाराची फोमची पट्टी मिळते, पण ती उंदीर कुरतडतो. अर्धा इंची वेल्डमेशची चार इंच रुंद पट्टी कापून उंचवट्याच्या आकारात वाकवा आणि पर्लिन नि पत्र्याच्या मध्ये दाबून मग स्क्रू मारा. वारा जातो, उंदीर जात नाही.

षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवायला आहे, बाहेरच्याला बाहेर ठेवायला नाही. कुत्रं ती दातानं फाडतं, मुंगूस फटीतून शिरतं. आणि छप्पर-भिंतीच्या सांध्यात जाळी नुसती वाकवून सोडायची नाही, २५ मिमीची पट्टी वरून स्क्रूनं आवळायची.

---

पागोळी

पाण्याची वाट. ९ बाय १० फुटांच्या छपरावर १ मिमी पावसाला आठ लिटरच्या वर पाणी. ५० मिमीच्या दिवसाला ४०० लिटरच्या पुढं, आणि ते सगळं दक्षिणेच्या एका कडेवरून खाली. पन्हळ लावली नाही तर पागोळ्यांनी भिंतीलगत चर पडतो, चिखल जाळीतून आत उडतो.

११० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन पन्हळी होतात, एक पुरते. क्लॅम्प दर दोन फुटांना. उतार तीन मीटरला तीन सेंटिमीटर, लेव्हल ट्यूबनं बघून. पत्र्याची कड पन्हळीच्या एक तृतीयांश आत यावी. मधोमध आली तर जोराच्या सरीत पाणी पलीकडच्या काठावरून उडतं. तोंडाला नारळाच्या शेंड्यांचा बोळा कोंबू नका, त्यानं पानं अडतात आणि पाणीही अडतं. जाडसर जाळीची टोपी करा. खाली २०० लिटरचा ड्रम, वर झाकण. ड्रम भरल्यावरचं पाणी खुराड्यापासून लांब निघेल अशी वाट आधीच करा.

---

अंडाकरी

अंड्यांच्या पेटीचं झाकण भिंतीबाहेर आहे, बिजागरीतून पाणी आत जातं. सिलिकॉन दोनदा भरून झालं.

---

रिवेट

बिजागरी हलते, सिलिकॉन हलत्या जागी टिकत नाही. झाकणाला पाच इंचांत एक इंच उतार द्या. मग मोटरसायकलची जुनी ट्यूब उभी चिरून पेटीच्या रुंदीहून चार इंच लांब पट्टी कापा. वरची कड भिंतीवर ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली स्क्रूनं दाबा, खालची कड झाकणावर मोकळी लोळू द्या. बिजागरी पट्टीखाली पूर्ण झाकली जाते आणि झाकण उघडताना रबर सोबत वळतं. उन्हानं ताठरलं की दोन-तीन वर्षांनी बदला.

सिलिकॉन वापरायचंच तर न्यूट्रल क्युअर मागा. व्हिनेगरसारखा वास मारणारं असतं ते आम्लधर्मी, जस्ताच्या कोटिंगला खातं.

---

शेडनेट

काम कधी काढावं? आणि गळतंय की नाही हे पावसाची वाट न बघता कळेल का?

---

खुराडेवाला

खांब मार्चमध्ये, काँक्रीटला सात दिवस पाणी मारून मग वेल्डिंग. छप्पर एप्रिलच्या मध्यापर्यंत बसलं पाहिजे. जूनची वाट बघू नका, पत्रे उडतात ते मुख्यतः वळवात. वळीव दुपारनंतर कुठल्याही दिशेनं येतो आणि गारपीट सोबत आणतो.

तपासणी: दोन माणसं लागतात. एक आत, बॅटरी घेऊन. दुसरा बाहेर बागेचा पाइप घेऊन. पाणी खालच्या कडेपासून सुरू करायचं, एका पट्ट्यावर पाच मिनिटं, मग हातभर वर. वरून सुरू केलंत तर सगळं छप्पर एकदम ओलं होतं आणि भोक कुठलं ते कळत नाही. आत थेंब दिसला की ती जागा खडूनं खूण करायची. थेंब पडतो ती जागा आणि भोक एक नसतं, पाणी पर्लिनवरून दोन-तीन फूट सरकून येतं, म्हणून खुणेच्या वरच्या अंगाला शोधा. सापडला तो स्क्रू ढिला असेल तर घट्ट करू नका, काढून एक नंबर मोठा नवीन वॉशरसकट घाला. जुन्याच भोकात जुना स्क्रू आवळला की आटे सुटतात.

---

लिंबोणी

बॅटरीचं काम आधी उलटं पण करा. भर दुपारी आत बसून दार लावून घ्या आणि वर बघा. न वापरलेली भोकं ताऱ्यांसारखी चमकतात, पाणी मारायच्या आधीच निम्मी सापडतात. ती बुजवायला डांबर नको, ॲल्युमिनियमच्या पाठीची ब्युटाइल टेप, पत्रा स्पिरिटनं पुसून, सकाळच्या थंड वेळी.